पारा भरणारे भावोजी

आमचे भावोजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. मला अशी माणसं सहन होत नाहीत, पण पडला ताईचा नवरा, बोलणार कोण!

थर्मामीटरच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी पारा भरला. काचेची केसासारखी बारीक नळी, तिच्या टोकाला फुगा. फुगा ज्योतीवर तापवायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग नळीचं उघडं तोंड पाऱ्यात बुडवायचं. फुगा निवत गेला की पारा आपसूक आत चढतो. त्यांच्यासारखा स्थिर हात साऱ्या कारखान्यात कुणाचा नव्हता, हे मीसुद्धा मान्य करते.

सांडलेला पारा पँटच्या दुमडीत अडकून घरी यायचा. दुसऱ्या कुणी तो रस्त्यातच झटकून टाकला असता. भावोजींना ती चोरी वाटायची. म्हणून रोज संध्याकाळी ताई त्यांची पँट मोठ्या ताटात झटकायची. एकही थेंब घरंगळू नये म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. पोस्टकार्डानं थेंब एकत्र लोटून ती बाटलीत भरायची आणि सकाळी भावोजी बाटली परत नेऊन द्यायचे. सुपरवायझर तोंड भरून कौतुक करायचा. कौतुक करायला काय जातंय मेल्याचं!

पुढे पारा बंद झाला आणि त्याच्या जागी लाल रंग घातलेलं अल्कोहोल आलं. तेव्हा सगळ्या कामगारांची तपासणी झाली. भावोजी ठणठणीत निघाले.

तोवर ताईचे हात थरथरायला लागून तीन वर्षं झाली होती. कप बशीवर वाजायचा, सुईत दोरा जायचा नाही, साध्या बोलण्यावर ती अंगावर धावून यायची. वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. नाटकं करू नकोस, असं मीच तिला एकदा म्हणाले. जीभ झडायला हवी होती माझी.

शेवटी भावोजींनी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. भावोजींनी सगळं सांगितलं, बंद खिडकीचंसुद्धा. बाई लिहिता लिहिता थांबल्या. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, म्हणाल्या. कारखान्यात ती ओढून घ्यायला टेबलावर यंत्र होतं. घरात ताई होती. औषधं देऊ, पण इतक्या वर्षांनी हात पूर्ववत होतील ही आशा ठेवू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ताई बाहेर बाकावर बसली होती. भावोजींना चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ताईशेजारची जागा मी त्यांच्यासाठी सोडली.

"काय म्हणाल्या हो? कधी थांबेल हे?" ताईनं विचारलं.

भावोजी तिच्याशेजारी बसले. तिचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले, तरी ते हलतच होते.

"दोन महिन्यांत," ते म्हणाले.

ताईला लगेच पटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हा माणूस तिच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता.