वारं आलं, पळा

त्या सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करायची? आमच्या कोळवाडीत तरी त्याला कोण नावाने ओळखतंय! पहिला भाग तो ‘चावऱ्यांचा’ आणि दुसरा तो ‘परत चावऱ्यांचा’. कसला तरी ताप पसरतो आणि माणसं माणसांना चावत सुटतात, एवढीच गोष्ट. दुसरा भाग आला तेव्हा मुंबईच्या पेपरांनी त्याची पार सालटी काढली. कथेला शेंडा ना बुडखा, पिळलेलं लिंबू परत पिळलंय, कोरोनातून उठलेल्या माणसाला तापाची कसली भीती घालता, असं बरंच काही छापून आलं. कौतुक झालं ते एकाच गोष्टीचं, त्या आजारी माणसांच्या चालीचं. टाचा उचललेल्या, डावा खांदा पडलेला, एक पाय फरफटत. पोराटोरांनी त्या चालीचे रील केले आणि थेटरात पडलेला सिनेमा मोबाइलवर उभा राहिला.

ती चाल आमच्या केसरकाकीची. हे मुंबईच्या पेपरवाल्यांना ठाऊक नाही, म्हणून मी लिहायला बसले.

केसरकाकीचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा सदाकाका गेल्यापासून ती दिराच्या घरात मागच्या खोलीत राहते. सकाळी खळ्यावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेवर, बोंबील वाळत घालायचे, सुकलेले टोपलीत भरून मुरूडच्या बाजारात न्यायचे, हा तिचा दिनक्रम. घरात तिचा छळ वगैरे कोणी करत नाही. फक्त तिला कोणी काही विचारत नाही. ती बोलायला लागली की दीर, म्हणजे अनंता, टीव्हीचा आवाज वाढवतो. हा अनंता गावकीचा अध्यक्ष. वाडीचा सगळा कारभार गावकीच्या बैठकीत ठरतो आणि त्या बैठकीत बायकांना जागा नाही. मी पनवेलकडून सून म्हणून इथे आले तेव्हा यावर खूप चिडले होते. सासूबाई म्हणाल्या, चिडून दमलीस की चहा टाक.

पण चैत्रात गावदेवीची पालखी निघते त्या दिवशी गोष्ट वेगळी असते. पालखी खळ्यापाशी थांबते आणि केसरकाकीच्या अंगात बाय येते, म्हणजे देवी. आमच्याकडे त्याला वारं येणं म्हणतात. तिच्या टाचा उचलतात, डावा खांदा खाली जातो, केस सुटतात. वाडीतली सगळ्यात वयस्क बाई मोठ्याने म्हणते, ‘वारं आलं’. ते ऐकलं की बाजा थांबतो, पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढतात आणि मग बाय जे बोलेल ते वाडीला ऐकावं लागतं. एका वर्षी बाय म्हणाली, खळ्यावरची दारूची टपरी उचला. संध्याकाळच्या आत टपरी उचलली. उचलणाऱ्यांत अनंता सगळ्यांत पुढे होता, आणि तिथला रोजचा गिऱ्हाईकही तोच. आता बोलणारी बाय होती की केसरकाकी, हे मला विचारू नका. टपरी गेली, मला तेवढं पुरे.

पहिल्या भागाचं शूटिंग आमच्या किनाऱ्यावर झालं ते टाळेबंदीनंतर. होड्या रिकाम्या, बाजार बंद. वाडीतल्या बायका तापाने वेड्या झालेल्या बायका व्हायला गेल्या. दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड. ताप डोक्यात गेलाय, अंग आपलं राहिलेलं नाही, असं काहीतरी करा, असं त्याने समजावलं. बाकीच्या बायका पोटात कळ आल्यासारख्या वाकल्या आणि लाजून हसल्या. केसरकाकीला अंग आपलं न राहणं एकाच तऱ्हेने माहीत होतं. तिच्या टाचा उचलल्या, खांदा पडला. मागून म्हातारी वेणूबाई सवयीने बोलून गेली, ‘वारं आलं.’ बायकांनी हात जोडले. दिग्दर्शकाचे डोळे चमकले.

“मावशी,” तो म्हणाला, “अजून एकदा.”

आणि केसरकाकीने ते अजून एकदा केलं. उन्हं उतरेपर्यंत करत राहिली.

दुसऱ्या दिवशी बोंबील उलटताना ती मला म्हणाली, “बाय अशी हाक मारली की येत न्हाय गो. मंग काल आली ती कोन? आन् ती बाय नव्हती, तर दरसाली येतं ते काय?” मी म्हटलं, काकी, तू फार विचार करतेस.

दुसरा भाग लागला तेव्हा आम्ही मिनीडोर ठरवून अलिबागला दुपारच्या खेळाला गेलो. काकी नको म्हणत होती. अनंताच तिला घेऊन आला, आमची वयनी सिनेमातली, असं वाटेत दोघांना सांगूनही झालं. पण यात ती नव्हतीच. होती ती तिची चाल. पडद्यावर अख्खं शहर टाचा उचलून, डावा खांदा पाडून चालत होतं, बाप्ये, बाया, पोलीससुद्धा. आणि दिग्दर्शकाने वेणूबाईचे शब्दही उचलले होते. या भागात रोग वाऱ्याने पसरतो. कोणाला लागण झाली की बाकीचे ओरडतात, ‘वारं आलं, पळा!’ मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं प्रत्येक वेळी पडद्याबरोबर ओरडायची आणि हसून लोळायची. काकी रांगेच्या मधोमध बसली होती. तिला उठायचं होतं, पण दोन्ही बाजूंना माणसांचे गुडघे आणि पॉपकॉर्नचे डबे. तिने पदर तोंडावर घेतला आणि शेवटपर्यंत तशीच बसली. मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

मग लोक यायला लागले. काशीदला जाणाऱ्या गाड्या वाटेत आमच्याकडे वळायच्या. चावऱ्यांचा किनारा कुठला, असं विचारायच्या. वाळूवर ती चाल चालून रील करायच्या. गाड्या वाढल्या तशी गावकीची बैठक बसली आणि ठरलं, की खळं पार्किंगला द्यायचं. गावकीला उत्पन्न होईल. बायकांनी मासळी कुठे सुकवायची, हा प्रश्न कोणी काढला नाही, कारण काढणारं तिथे कोणी नव्हतंच. पाडव्यानंतर पालखी, पालखीनंतर खळ्याला कुंपण, असं अनंताने जाहीर केलं.

वाडीतल्या बायकांनी आरडाओरडा केला नाही. त्या एकमेकींना एवढंच म्हणत होत्या, पालखीला बाय बोलेल. बायपुढे कोणाची गावकी? वेणूबाईने तर काकीला नवी चोळी शिवून दिली. काकी घासभर जेवून उठायची. मी विचारलं तर म्हणाली, “आली तर बरां. न्हाय आली, तर मी मुद्दाम करू काय? मना येतं ना आता मुद्दाम.” ती हे हसून म्हणाली, आणि मला भयंकर वाटलं.

पालखीच्या दिवशी दुपारी खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीची माणसं होती, पाहुणे होते, आणि रीलवाले पर्यटकही होते. पालखी थांबली. बायकांनी काकीला पुढे केलं. मी तिच्या अगदी शेजारी होते, म्हणून सांगते, ती काही करत नव्हती. तिचं अंग आतून थरथरायला लागलं, डोळे मिटले, अंबाडा सुटला. टाचा वर गेल्या. डावा खांदा पडला. वेणूबाईने दोन्ही हात जोडून, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं,

“वारं आलं!”

बाजा थांबला. त्या शांततेत मागून कोणीतरी ओरडलं, “पळा!”

आणि पोरं पळाली. पर्यटकांची पळाली, त्यांच्यामागून आमची पळाली, किंचाळत, हसत, टाचा उचलून, खांदे पाडून. मोबाइल वर गेले. टोप्या काढायला उचललेले हात तसेच राहिले. एकाने टाळ्या वाजवल्या. अनंता हसू दाबत होता आणि ते त्याला दाबता येत नव्हतं. कोणाचं काय सांगू, माझा नवराही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकीने डोळे उघडले. समोर तिचीच चाल चालणारी पोरं होती. तिने खांदा सरळ केला. टाचा जमिनीला टेकवल्या. केस मुठीत धरून मागे नेले. मग ती अनंताकडे वळली आणि तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली,

“भावजी, खळां देऊं नका.”

एवढंच. अंगात काही नसताना, भर दिवसा, सगळ्या वाडीसमोर ती पहिल्यांदाच काही मागत होती. मला वाटलं, आता तरी कोणी ऐकेल.

अनंता म्हणाला, “वयनी, बाजूला व्हा. पालखी जाऊं दे.” ते त्याने रागाने म्हटलं नाही. वाटेत उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला म्हणतात, तसंच म्हटलं. बाजा परत सुरू झाला आणि पालखी पुढे गेली.

आता खळ्यावर गाड्या लागतात. बोंबील आम्ही घरांच्या पत्र्यांवर सुकवतो, निम्मे कावळे नेतात. गाडीतून उतरणारी पोरं केसरकाकीला ओळखत नाहीत. तिच्याशेजारूनच तिची चाल चालत पाण्याकडे जातात. काकी टोपली घेऊन त्यांच्या मधून जाते, खाली बघत, दर पावलाला टाच नीट जमिनीवर दाबत.