अकबरीने सांगितलेले शेवट

जुळे सोलापुरातल्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, इमामसाब शेख यांच्या घरी दर शुक्रवारी सिनेमा बदलतो. सिनेमा म्हणजे सात फोटो. त्यांच्या मुलाने, हमजाने, फ्लॅट घेतला तेव्हा आईच्या कपबश्यांसाठी हॉलमध्ये काचेचं शोकेस करून घेतलं होतं. त्या कपबश्या आता स्वयंपाकघरात पालथ्या पडून असतात आणि शोकेसमध्ये जुन्या सिनेमाची कार्डं टाचलेली असतात. जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी इमामसाब धुतलेला सदरा घालून मागच्या आठवड्याची कार्डं उतरवतात, नवी लावतात, आणि मग समोर खुर्ची टाकून बसतात. बघायला दुसरं कुणी नसतं. हमजा नोकरीपायी हैदराबादला. त्याचा रविवारी फोन येतो आणि दोन्ही बाजूंनी जेवणाची चौकशी झाली की संपतो.

ही कार्डं पूर्वी टॉकीजच्या दारात काचेच्या पेटीत लागायची. तिकीट काढावं की नाही, हे लोक ती बघून ठरवायचे. एका सिनेमाची आठ कार्डं येत. त्यातलं शेवटचं कार्ड मात्र टॉकीजचे मालक पाकिटात घालून, खळ लावून चिकटवून टाकायचे. "शेवट काय रस्त्यावर वाटायचा हाय व्हय?" असं त्यांचं म्हणणं. टॉकीज बंद पडली तेव्हा वितरकांपैकी कुणी परत मागितली नव्हती अशी दोन ट्रंका भरून कार्डं टॉकीजच्या एका खोलीत पडून होती. मालकांनी ती इमामसाबना देऊन टाकली, पाकिटांसकट. निरोपाला शाल द्यायची त्यांना आठवण राहिली नाही, पण ट्रंका दिल्या, आणि इमामसाबना शालीपेक्षा त्याच बऱ्या वाटल्या.

त्या टॉकीजच्या सायकल स्टँडवर इमामसाबनी अडतीस वर्षं काढली. पत्र्याचा एक बिल्ला सायकलच्या हँडलला, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. नावांच्या पाट्या पडून सिनेमा सुरू झाला की स्टँडच्या फाटकाला साखळी लावायची आणि बाजूच्या दारानं आत शिरून भिंतीला टेकून बघत उभं राहायचं. पण सिनेमा सुटायच्या दहा मिनिटं आधी बाहेर यावंच लागे. एकदा लोंढा बाहेर पडला की दोनशे माणसं एकदम बिल्ले पुढे करतात, आणि फाटक उघडलेलं नसेल तर शिव्या देतात. त्यामुळे ह्या गृहस्थानं शेकडो सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. अजून टीव्हीवर काही लागलं तरी मारामारी सुरू झाली की पाय आपोआप दाराकडं वळतात.

पण शेवट त्यांना सगळे ठाऊक होते. अकबरी सांगायची. मालकांनी स्टँडवाल्याच्या बायकोला तीनच्या खेळाला फुकट बसायची मुभा दिली होती. शुक्रवारी ती बायकांच्या बाजूला बसून सिनेमा बघायची, आणि शेवटचा खेळ सुटल्यावर इमामसाब घरी आले की ताट वाढून समोर बसायची. त्यांनी जिथं सोडला तिथून पुढचा सिनेमा ती सांगायची, हातवारे करून, सासूचा आवाज सासूसारखा आणि पोलिसाचा पोलिसासारखा काढून. चारचौघांत तोंड न उघडणारी बाई, पण त्या पंधरा मिनिटांत तिच्यापुढं कुणी टिकलं नसतं. कधी इमामसाब शंका काढायचे, "अगं, पण लोक तर डोळे पुसत बाहेर आले." ती म्हणायची, "खुशी के मारे रो रै थे जी लोगां. तुम खाना खाओ."

अकबरीला जाऊन चार वर्षं झाली. इमामसाबकडं तिचा धड फोटोसुद्धा नाही, आधार कार्डावरचा तेवढा आहे, आणि त्यात ती कुणा परक्या बाईसारखी दिसते. ती खरी सापडायची ती ह्या शुक्रवारच्या खुर्चीत. सात कार्डं बघत बघत जायचं आणि सातव्यानंतर तिचा आवाज ऐकायचा. आठवं पाकीट त्यांनी कधी फोडलं नाही. अकबरीनं सांगितल्यावर फोडायचं कशाला?

मागच्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमध्ये रेश्मा राहायला आली. माढ्याची, पस्तिशीची, इथं एका पतसंस्थेत कामाला. एका शनिवारी गॅसवाला येणार म्हणून किल्ली ठेवायला ती आली आणि शोकेसपुढं थबकली. त्या आठवड्यात एका बहीण-भावाचा सिनेमा लागला होता. चोरीचा आळ आलेली बहीण घर सोडून जाते, तंबूच्या तमाशात गाणी म्हणून पोट भरते, आणि भाऊ तिला गावोगाव शोधत हिंडतो. सातव्या कार्डावर भाऊ भर पावसात एका तंबूच्या दारात उभा होता.

"चाचा, सापडली का मग ती?" रेश्मानं विचारलं.

चार वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि अकबरीनं सांगितलेला शेवट सांगितला, तिच्यासारखेच हातवारे करून. भाऊ बहिणीला बैलगाडीत घालून घरी आणतो. जिनं आळ घेतला ती भावजयच उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि तिच्या गळ्यात पडून रडते. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गेल्यावर इमामसाबनी दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायले. इतका आनंद त्यांना किती दिवसांत झाला नव्हता.

रविवारी रेश्मा पुन्हा आली, हसत. "चाचा, तुमी लई चालू हाय की! रात्री मोबाईलवर सापडला मला तो सिनेमा. शेवटी मरती की ती. बैलगाडी कुटं हाय त्यात?"

"दुसरा कुठला तरी बघितला असशील."

"तोच, चाचा. हाच फोटो हाय बघा."

इमामसाबना राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. "माझ्या बायकोनं बघितलाय तो, टॉकीजमध्ये बसून. तुझ्या मोबाईलचं मला नको सांगू." चुकलं चाचा, रेश्मा म्हणाली आणि निघून गेली. इमामसाबनी दार लावलं, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि त्या सिनेमाचं पाकीट शोधून काढलं. आत्ता जाऊन पोरीच्या तोंडावर मारतो, असं त्यांच्या मनात होतं. खळ सुकून पापडी झाली होती, पाकीट बोट लावताच उघडलं.

कार्डावर भावाच्या मांडीवर बहिणीचं डोकं होतं. डोळे मिटलेले. मागं तंबूतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

मग त्यांनी दुसरं पाकीट फोडलं, मग तिसरं. दुपारचं जेवण तसंच राहिलं. जिथं लग्न लागत होतं तिथं अकबरीनंही लग्नच लावलं होतं. पण जिथं चिता होती तिथं तिनं बारसं केलं होतं. गोळी लागलेला नवरा तिच्या हिशेबी दवाखान्यातून बरा होऊन आला होता. आंधळ्या म्हातारीला दिसायला लागलं होतं. पंचवीस-तीस पाकिटं झाल्यावर इमामसाबना लग्नानंतरची एक रात्र आठवली. तेव्हा तिनं एकदा खराखुरा वाईट शेवट सांगितला होता, आणि अकरा तास स्टँडवर उभं राहून आलेले इमामसाब अर्धी भाकरी ताटात टाकून उठले होते. त्यानंतर तिच्या सिनेमात कुणी मेलं नाही. "खोटारडी," ते मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांना हसू आलं.

हसू ओठावर असतानाच त्यांना दवाखाना आठवला. अकबरीच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले तेव्हा इमामसाब खाली औषधांच्या रांगेत होते. वर आले तर ती उशीला टेकून बसलेली. "क्या बोले डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "अच्छा बोले जी. आठ दिन में घर." आणि ती सांगत सुटली, डॉक्टरांचा आवाज काढून, नर्सचा आवाज काढून. घरी गेल्यावर काय काय खायचं तेसुद्धा. तिची घरातली गादी बसून पातळ झाली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी इमामसाब पिंजाऱ्याकडं नवी गादी भरायला गेले. तिकडं दवाखान्यात ती गेली तेव्हा ते कापसाचं वजन बघत उभे होते.

चार वर्षं त्यांनी त्या डॉक्टरला शिव्या दिल्या होत्या. आठ दिवसांत घरी म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी माणूस गेला, खोटारडा कुठला. आता पलंगापाशी धुळीत, उघड्या पाकिटांच्या मधोमध बसून त्यांना कळलं की डॉक्टर तसं काही बोललाच नसणार. तो काय म्हणाला ते फक्त अकबरीला ठाऊक होतं. मी वर थांबलो असतो, तिचा हात धरून बसलो असतो, असं त्यांना वाटलं आणि ते हमसून हमसून रडले. बंद दारामागं एकटा म्हातारा रडतोय हे इमारतीत कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात रेश्मा होती, वाटीत शेंगाची चटणी घेऊन. "चाचा, रागावू नका. मला सिनेमातलं काय कळतंय?"

"तू खरं बोललीस. कार्डावर तसंच आहे," इमामसाब म्हणाले. "बस."

ती बसली. त्यांचे सुजलेले डोळे तिनं पाहिले आणि दुसरा विषय काढावा म्हणून, किंवा खरंच जाणून घ्यावं म्हणून, हळूच विचारलं, "चाची आजारी होत्या म्हणं. लई दिवस होत्या का दवाखान्यात?"

इमामसाबनी तिच्या हातातली वाटी घेऊन बाजूला ठेवली आणि ते तिच्यासमोर उभे राहिले.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठव्या दिवशी घरी आली. मी नवी गादी भरून आणली होती, पाच किलो कापसाची. त्यावर निजली आणि म्हणाली, लई मऊ हाय जी. दोन वर्षं होती नंतर. चांगली होती."

"बरं झालं," रेश्मा म्हणाली.