टाकीच्या झाकणातलं मेण

हिला जाऊन आज वर्ष झालं, आणि आमची फटफटी आज पुन्हा रस्त्यात अडली.

बरं वाटलं.

कॉलनीतली पोरं विचारतात, "काका, व्हिंटेज हाय, गिऱ्हाईक चांगलं येतंय. तरी हे खटारं का धरून बसलात?" आजवर हसून टाळलं. आज सांगतो.

आमचं लग्न झालं ते नामांतराच्या दिवसांत. मराठवाड्यात लोकांची घरं जळाली, माणसं गाव सोडून गेली. आमच्या घरी झळ ती एवढीच, की एष्टीचा भरवसा उरला नव्हता. आईनं आमच्या नावानं पोखर्णीच्या नृसिंहाचे शनिवार बोललेले. म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परभणीतून ही सेकंड हँड फटफटी घेऊन दिली.

घर माणसांनी भरलेलं. ही माजघरात, मी ओसरीवर. दिवसाउजेडी बायकोशी चार शब्द बोलायची चोरी.

गाडीवर बी ही एका बाजूनं बसायची. मधे पूजेची पिशवी. आणि धरायची ती मागची दांडी. मला नाही.

गाडी मात्र लय नखऱ्याची. हॉर्न वाजायचा तो फक्त खड्ड्यात. हँडल डावीकडं वळवल्याशिवाय किक लागायची नाही. आणि अर्ध्या वाटेत धापा टाकायला लागायची.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलेलं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. झाकण जरा सैल केलं की फुस्स व्हायचं, आणि गाडी परत सुरळीत.

पहिल्याच शनिवारी मी मागं न बघता म्हणालो,
"माझे दोन्ही हात गुंतलेत. झाकण तेवढं फिरव."

मधली पिशवी आधी बाजूला सरकली.

मग माझ्या कमरेला वळसा घालून हिचा हात पुढं आला. टाकीवर बांगड्या वाजल्या.

फुस्स.

डावा हात मला सहज मोकळा करता आला असता. पण कशाला?

नवस आईचा. तो फिटला, तरी आमचे शनिवार चालूच राहिले.

एकदा कापूस घालायला मानवतला गेलो होतो. हवा भरायला गाडी लावून मी चहाला गेलो, तेवढ्यात तिथल्या मिस्त्रीनं न विचारता ते भोक तारेनं साफ करून टाकलं. बिचाऱ्यानं चांगलंच केलं.

पुढच्या शनिवारी गाडी एका दमात पोखर्णीला. देवळासमोर उतरल्यावर ही म्हणाली, "आज लवकर पोचलो."

"हो," मी म्हणालो.

दोघांचीही तोंडं उतरलेली. गाडी परत बिघडवून द्या, असं सांगायचं तरी कुणाला?

त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी नेहमीच्या जागी धापा टाकायला लागली. हात आला. फुस्स.

मला वाटलं, देव पावला.

नंतर मानवतला मिस्त्रीनं झाकण काढून बघितलं. तो दखनीत बोलायचा. "मालक, भोक में मेण भरेला है. लाल."

तेव्हा बायका कपाळाला आधी मेण लावायच्या, मग त्यावर कुंकू.

मी झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या मिस्त्री." तो गालात हसला आणि दुसऱ्या गाडीकडं वळला.

हिला मी कधी विचारलं नाही. हिनं कधी सांगितलं नाही.

पुढं टिकल्या आल्या, मेण गेलं. हिची मेणाची डबी मात्र फळीवरून हलली नाही.

आमचा संजू एका हातात मोबाईल धरून गाडी चालवताना दिसला, की ही माझ्याकडं बघत म्हणायची, "आमच्या टायमाला दोन्ही हात लागायचे बाबा."

मी हिच्या कपाळाकडं बघायचो. एवढंच.

तर पोरांनो, असं आहे. धड गाडी कुणाचीही होते. चावी लावली की निघाली. या गाडीला कुठं वळवायचं, कुठं गोंजारायचं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. दुसऱ्याला ते बिघाड वाटायचे. आमचं बोलणं त्यातूनच व्हायचं.

आज संजू पुढं, मी मागं. पोखर्णीला निघालो. आजारपणाच्या आधी हिनं भरलेलं मेण अजून तसंच आहे. नेहमीच्या जागी गाडी अडखळली.

संजू म्हणाला, "बाबा, नवीन झाकण टाकून घेऊ."

"नको. तू दोन्ही हात हँडलवर ठेव."

त्याच्या कमरेला वळसा घालून मी हात पुढं नेला. लांब पडत होता. हिचा हात तर माझ्याहून आखूड.

तरी एकदाही म्हणाली नाही, की पोचत न्हाई.

फुस्स.

सुमन, दर्शन घेऊन आलो. झाकण तेच ठेवलंय.

तुला आमच्या सगळ्यांचा नमस्कार.