हसूनाची कबर

महदिया गावात मबरूकाच्या जिभेला सगळेच टरकून असत. वेशीच्या अंधाऱ्या बोळात शुक्रवारचा बाजार भरला, की रव्याच्या भाकऱ्या विकता विकता ती गिऱ्हाइकांचाही खरपूस समाचार घेई. फक्त समुद्राचं नाव काढलेलं तिला खपत नसे. तिचा नवरा हसूना मासे धरायला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून तिनं समुद्राकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या गावात हे सोपं नव्हे.

माणूसच हाती लागला नाही, तर थडगं कुठलं? पण मबरूका अडून बसणारी बाई नव्हे. कुण्या जुन्या राजानं खडक कोरून केलेल्या बंदराच्या वर, दीपगृहाच्या अलीकडे, कबरींची उतरण आहे. तिथली एक बेवारशी कबर तिनं हसूनाची म्हणून खुशाल ताब्यात घेतली. दर ईदेच्या आधी ती कबर चुन्यानं रंगवी आणि रंगवता रंगवता नवऱ्याला वर्षाचं सगळं सुनावी.

यंदा ती बादली घेऊन पोचली, तर सफाक्स शहराहून आलेला लमीन नावाचा तरुण गवंड्याला घेऊन तिथे उभा.

"खाला, ही माझ्या आजीची कबर."

"कुणाची? अरे, माझा नवरा आहे तो! हो बाजूला."

लमीननं गवंड्याला खूण केली. गवंड्यानं पायथ्याशी साचलेले चुन्याचे थर खरवडले, तशी खालून निळा पक्षी रंगवलेली फरशी निघाली.

"आजोबांनी बसवलेली," लमीन हळूच म्हणाला.

हसूनाशी बोलायला मबरूकाला एवढी एकच जागा होती. ती मटकन खाली बसली. मग एकाएकी तिला हसू फुटलं.

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या आजीला तिच्या दाढीवरून बोलत होते?"

"ऐकून घ्यायची सवय होती तिला. तुम्ही येत जा ना, खाला."

"येईन की. पण तिच्याशी बायकांचं बोलेन. नवऱ्याचं नवऱ्याशीच."

फरशी मोकळी ठेवून तिनं आजीची कबर नीट रंगवली. मग हात पुसले, तडक जुन्या बंदराच्या काठाशी गेली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. डोळे वाहत होते, पण आवाज बाजारातलाच लागला.

"हसूना! ऐकतोयस ना? आपला पत्ता बदललाय रे!"