मंडईच्या दिवशीचं घर

वर्गात ‘प्रसरणशीलता’ शिकवताना पुस्तकात रेल्वेच्या रुळांचं उदाहरण असतं. मला मात्र गडचिरोलीतल्या वडशाजवळच्या एका गावातल्या बाई आठवतात. त्यांचं नाव विचारायचं तोंडच मला उरलं नव्हतं.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे तिकडची गावजत्रा, होती. रात्री नाटक, म्हणून घरोघरी पाहुणे. सहकारी शिक्षकाने जेवायला बोलावलं होतं. ‘निळ्या दाराचं घर’ एवढंच ऐकून मी शहाणा निघालो. गावात निम्मी दारं निळी!

पहिल्याच निळ्या दारात शिरलो. ओसरीवर पंगत बसली होती. बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि पंगतीकडे हात हलवला, “सरका ना बापा जरासे!” सगळे सरकले. जागा झाली. पानात वाफाळता भात पडला. दुसऱ्यांदा भात घेतला, तरी सहकारी दिसेना. तेव्हा कळलं, घर चुकलंय. आता भरल्या पंगतीतून उठवतात की काय, म्हणून मान खाली घालून भरभर जेवू लागलो.

शेजारच्याने विचारलं, “कोनाकडचे पाहुणे, भाऊ?”

मी ठोकून दिलं, “जावयाकडचा.”

“जावई तं मीच आहो!”

पंगत थांबली. बाई डाळीचं भांडं घेऊन नेमक्या माझ्यापुढे आल्या.

“मले तं दारातच समजलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मंडईले घर फुगते, भाऊ. एका मानसानं फाटत नाई. खा.”

आणि भातावर डाळ ओतली.

त्या रात्रीचं नाटक मला आठवत नाही. पण अजूनही फळ्यावर तो शब्द लिहिला, की मी नकळत जरासा बाजूला सरकतो.