एलियाहूची खुर्ची

घाटंजीत ज्यूंचं घर आमचं एकटंच. वडील कोकणातून जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून आले आणि इथेच गेले. मागे आई आणि मी. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तरी गल्लीची नर्सबाईच राहिली. आम्ही बेने इस्राएल म्हणजे नक्की कोण, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी ख्रिस्ती समजे, कोणी मुसलमान. मला सांगायचा कंटाळा. आई मात्र दर वेळी पहिल्यापासून सांगत बसे.

शुक्रवारी संध्याकाळी ती शब्बाथचा, आमच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावी. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. वातीचा कापूस शेजारीण द्यायची. ती आणि तिचा नवरा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात, ती वेचायला, तो फवारायला. पहिला वेचा झाला की ओंजळभर कापूस आमच्या ओट्यावर यायचाच.

बोंडअळीच्या त्या वर्षांत फवारणी थांबतच नव्हती. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. एका दुपारी शेजारणीच्या नवऱ्याला ऑटोत घालून आमच्या दारात आणलं. उलट्या, घाम, तोंडातून फेस. आईनं पापणी वर करून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "यवतमाळला न्या. आत्ताच्या आत्ता."

दोन दिवसांनी शेजारीण यवतमाळहून कपडे न्यायला आली. नवरा श्वासाच्या मशीनवर होता.

"बाई, वाचन काय हो मानूस?"

"मी मलिदा बोलते," आई म्हणाली.

आमच्या लोकांत संकट पडलं की एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिदा बोलायचा आणि संकट टळलं की करायचा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, ताटात फळं आणि सुवासाचा पाला. पण शेजारीण बौद्ध. ती चाचरली. "आमच्यात नवस नाई चालत, बाई."

"तू नको बोलूस. माझा देव, माझा नवस."

मला संताप आला. उभा जन्म वॉर्डात काढलेली ही बाई, हिला काय दिसत नव्हतं? "कशाला तिला आशेला लावतेस?" मी तोंडावर विचारलं. ती डब्यातल्या पोह्यांना कीड लागली का ते बघायला गेली.

तो वाचला, पण डोळे गेले. नस मेली आहे, आता दिसणार नाही, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. घरी येऊन आई म्हणाली, "जिवंत घरी येऊ दे, एवढंच बोलले गं मी. डोळ्यांचं राहूनच गेलं." नवस बोलायलाही अक्कल लागते, असं स्वतःला दूषणं देत ती रडली. तिचं हे रडणं मला वेडेपणाचं वाटलं आणि तरी बघवेना.

नवस मात्र फेडायलाच हवा होता. मलिद्याला आमच्यात दहा पुरुष लागतात. आमच्या घरात एकही नव्हता. आईनं प्रार्थना स्वतःच म्हणायचं ठरवलं. वडिलांच्या खुर्चीवर पांढरी चादर घातली. ही एलियाहूची, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे तिच्यावर कोणी बसायचं नाही.

शेजारीण नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली आणि चपला काढायला मागे वळली. तेवढ्यात तो चाचपडत पुढे आला, हाताला खुर्ची लागली आणि तो बसला. मी धावले. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

प्रार्थना झाली. आईनं सब्जाची पानं त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं बराच वेळ वास घेतला.

"फवाऱ्याच्या औषधीचाच वास येते, बाई. साऱ्याले तोच येते."

त्यानं मलिदा खाल्ला. मग खालची चादर चाचपून विचारलं, "हे खुर्ची कोनाची हाय?"

"ज्याची आम्ही वाट बघतो त्याची."

"कवापासून?"

"पिढ्यान् पिढ्या."

"अन् आला नाई?"

"अजून नाही."

तो मग म्हणाला, "मंग डोळ्याचा बी बोला एक."

"बोलते," आई म्हणाली.

स्वयंपाकघरात मी तिच्यावर तुटून पडले. "दिसणार नाही हे माहीत असून खोटं बोललीस!"

"दिसेल असं कुठे म्हटलं मी? वाट बघेन, असं म्हटलं. तेवढं आपल्याला येतं."

डोळ्यांचा नवस उभा होता म्हणून खुर्चीही चादरीसकट बैठकीतच राहिली. येताजाता माझा गुडघा तिला आपटायचा आणि मी चरफडायचे. शेजारणीचा नवरा अधूनमधून यायचा, पण तिच्यावर पुन्हा बसला नाही. खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसायचा. त्याची नजर काही परत आली नाही. आणि एका पावसाळ्यात आई गेली.

सुतकाचे सात दिवस संपल्यावर मी चादर धुवायला टाकली आणि खुर्ची माळ्यावर चढवली. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन दोघं आली, त्या दिवशी शुक्रवारच होता. तो नेहमीच्या जागी गेला, हात पुढे केला आणि हवेत फिरवत राहिला.

"बाईची खुर्ची काढली काय?" त्यानं विचारलं. आवाज इतका खाली गेला होता, की शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं.

"पुसायला नेली होती," मी म्हणाले, आणि शिडी लावून माळ्यावर चढले.