स्पीकरच्या तारेची गाठ

बाबांचे लाकडी स्पीकर आमच्या घाटकोपरच्या घरात टीव्हीच्या दोन बाजूंना अजून उभे आहेत. टेप कधीच भंगारात गेला, पण स्पीकरना हात लावायची कुणाची टाप नव्हती. शेवटी मी ऑनलाइन एक ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर मागवला, तळहाताएवढा, स्वस्तातला, निळा दिवा लुकलुकणारा. स्पीकरच्या तारा त्यात खोचायच्या आणि मोबाइलवरून भजनं लावायची, एवढाच बेत.

बाबा बिल्डिंगच्या भजनी मंडळात झांज वाजवतात. वाजवायचे म्हणायला हवं, कारण हल्ली त्यांना दाराची बेल ऐकू येईना आणि त्याचा त्यांनी भलताच धसका घेतला होता. "कान गेले. बेताल वाजवून मंडळाची वाट लावू काय?" असं म्हणून त्यांनी झांज कपाटात टाकली आणि भजनाला खाली उतरणंच सोडलं. घरात दणदणीत भजन वाजलं की माणसाला हुरूप येईल, असं माझं गणित होतं.

बाबा दुपारचे झोपले असताना मी जोडणी केली. तारा सगळ्या एकाच रंगाच्या, पण प्रत्येक जोडीतल्या एका तारेला गाठ मारलेली. गाठ म्हणजे प्लस, हे मीच ठरवून टाकलं.

बाबा उठून दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या खुर्चीत बसले. मी भजन लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बुवा खंय आसा गो?" भजन गाणारे बुवा कुठे आहेत, असं त्यांनी मालवणीत विचारलं.

"गातायत की, बाबा!" मी स्पीकरला टेकून उभी होते. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"गातत, पण खंयसून? आणि पखवाजाचो दणको खंय गेलो?" मग हळूच म्हणाले, "ऱ्हवांदे. माझेच कान."

मला रडूच यायला लागलं. त्यांना उठवून मी खुर्चीत बसले, तर काय! बुवा डोक्याच्या मागून कुठून तरी गात होते आणि पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. स्पीकरपाशी उभी राहिले की ठीक, मधल्या खुर्चीत बसले की बुवा गायब. माझेही कान गेले? की डबडंच बिघडलेलं? उठबशा काढून काढून माझं डोकं भणभणलं.

शेवटी मी तारा उपसून बाबांसमोर धरल्या. "या गाठी प्लसच्याच ना?"

"उजव्याची प्लसची, डाव्याची मायनसची," बाबा सहज म्हणाले. "टेपमागे काळोखात हात घातला की प्लसच्या जागी गाठ लागली तर उजवा, मायनसच्या जागी लागली तर डावा, कळायला नको?"

म्हणजे डावा स्पीकर मी उलटा जोडला होता, आणि मधे बसलं की दोघांचे आवाज एकमेकांना मारत होते. त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि बुवा समोर, अगदी मधोमध येऊन बसले. पखवाज छातीत घुमला. बाबांनी स्वतःहून कपाटातून झांज काढली.

तेवढ्यात मी मोबाइल हातात घेऊनच गॅलरीत गेले आणि ब्लूटूथची रेंज संपून आवाज तुटला. खोलीत फक्त झांज चालू होती. बाबा डोळे मिटून वाजवतच होते. यांना कळलंच नाही की काय? मी धावत आत आले, तसं मोबाइलवर चालूच असलेलं भजन पुन्हा ऐकू यायला लागलं, आणि झांज त्याच्या ठेक्यावर, तसूभरही इकडेतिकडे नाही.

भजन संपल्यावर न राहवून विचारलं, "बाबा, मधेच बंद पडलेलं, कळलं तुम्हाला?"

"बुवा थांबलो म्हणान झांज थांबवतत काय गो?"

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं, थांबलेलं?"

 बाबांनी लगेच झांज टॉवेलात गुंडाळली आणि चपला शोधत विचारलं, "आजचा भजन किती वाजता आसा?"

बेल मात्र त्यांना अजूनही ऐकू येत नाही.